नलूताईंची पेटी आणि जंगलातली पोरं

नलूताई गेल्या त्या दिवशी मी पुसदला मुलीकडे होते. तिच्या स्वयंपाकघरात अंबाडीची पानं खुडत बसले होते, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. हे म्हणाले, “ताई गेली.” मी विचारलं, “कुठं?” ... आता ऐकणाऱ्याला हसू येईल, पण नलूताईंना ओळखणाऱ्या कुणीही हेच विचारलं असतं. ऐंशी ओलांडल्यावरसुद्धा ही बाई खांद्याला पिशवी अडकवून सकाळच्या एसटीनं झरीकडे निघून जायची, कुठल्या तरी शाळेत पोरांना गोष्ट सांगायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. म्हणून मी कुठं म्हणून विचारलं आणि हे पलीकडून म्हणाले, “तू निघ.” मग मला कळलं.

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. आमच्या गल्लीतली पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर फिरत होती. नलूताईंच्या खोलीपाशी येऊन त्यांनी हाका मारल्या, कारण दरवर्षी या दारात खाऊ ठरलेला. खाऊचं ताट दाराशी झाकून ठेवलेलं होतं, पण आजी खुर्चीतून उठेनात. पोरांनी मागच्या दारानं जाऊन ह्यांना झोपेतून उठवलं. डॉक्टर म्हणाले, जेवण झाल्यावर बसल्या बसल्याच गेल्या असाव्यात. मी यवतमाळला गाडी बदलून पांढरकवड्याला पोचले तोवर गल्ली भरली होती आणि कुणीतरी ते ताट पोरांना वाटूनही टाकलं होतं. बरंच केलं.

नलूताई माझी थोरली नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या झरीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका होत्या. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायच्या आणि सोमवारी अंधार असतानाच निघायच्या. लग्न का केलं नाही, हे मी त्यांना एकदाच विचारलं. “जमलं नाई,” असं म्हणून त्यांनी कुकर बंद केला आणि विषयही. फार बोलणाऱ्या नव्हत्या. कुणी आजारी पडलं तर उशाशी येऊन बसायच्या, पण कपाळावरून हात फिरवणं वगैरे नाही, नुसत्या बसायच्या. मला पहिली काही वर्षं त्यांची भीतीच वाटायची. अशा बाईला लहान पोरं चिकटतात कशी, याचं कोडं मला त्यांची पेटी पाहीपर्यंत सुटलं नव्हतं.

ती पेटी म्हणजे मॅजिक लँटर्न, जादूचा कंदील. आमचे सासरे सरकारी कचेरीत कारकून होते. गावोगाव जाऊन हिवतापाची माहिती द्यायला त्या कचेरीत पूर्वी हा कंदील वापरत. पुढे सिनेमाची यंत्रं आली, तेव्हा तो भंगारात निघाला आणि सासऱ्यांनी तो घरी आणला. काळ्या पत्र्याची पेटी, वर धूर जायला नळकांडं, आत रॉकेलचा दिवा आणि पुढे पितळी नळीत बसवलेलं भिंग. भिंगाच्या मागच्या खाचेत चित्र काढलेली काच उलटी सरकवायची की समोरच्या पांढऱ्या चादरीवर चित्र सुलटं आणि मोठं होऊन उभं राहतं. सोबत काचा होत्या त्या सगळ्या डासांच्या. डास, डासाची अंडी, तापानं फणफणलेला माणूस, पुन्हा डास. आमच्या घरात पेटीचं एवढंच कौतुक होतं की ती माळ्यावर होती.

नलूताईंनी ती माळ्यावरून काढून शाळेत नेली. त्याचं कारण त्यांनी मला फार पुढे सांगितलं. आश्रमशाळेत सहा-सहा वर्षांची लेकरं यायची. आईबाप पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, टेकड्यांच्या पलीकडे. पोराला शाळेत सोडून बाप वळला की पोर रडायला लागायचं, ते कित्येक दिवस थांबायचं नाही. काही पोरं पळून जायची. पळायची म्हणजे जंगलातून चालत घरी निघायची. बहुतेक पोचायचीही, कारण वाट त्यांच्या पायाखालची असायची. मग बाप पुन्हा खांद्यावर बसवून आणून सोडायचा. या रडणाऱ्या पोरांना गप्प करायला काय करावं म्हणून नलूताईंनी एका दुपारी वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि डासाची काच पेटीत सरकवली. म्हशीएवढा डास चादरीवर उभा राहिला. पोरं आधी किंचाळली, मग इतकी हसली की शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले. त्या दिवशी कुणी रडलं नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी पोरांनी पुन्हा डास मागितला. पण एकच डास किती दिवस दाखवणार? मग त्यांनी स्वतःच काचा करायला घेतल्या.

शनिवार-रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत हा उद्योग चालायचा. काच दिव्याच्या ज्योतीवर धरायची, तिच्यावर काजळी जमू द्यायची आणि मग सुईनं तिच्यात रेघा काढायच्या. जिथली काजळी निघाली तिथून उजेड जाणार. रंगासाठी लाल शाई, निळी शाई, आणि डिंकाच्या पाण्यात कालवलेली हळद. वरून दुसरी कोरी काच ठेवून कडेनं कागदाची पट्टी चिकटवली की काम झालं. माझ्या नव्या जाऊबाईपणाच्या दिवसांत... जाऊबाई कसली, मी घरातली एकुलती एक सून... तर त्या दिवसांत माझं काम होतं दिव्याची काच पुसून देणं आणि त्यांनी काढलेलं अस्वल अस्वलासारखं दिसतं का ते सांगणं. पहिलं अस्वल डुकरासारखं झालं होतं. मी घाबरत घाबरत तसं म्हटलं, तर नलूताई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “डुक्कर तं डुक्कर. आता गोष्टीत डुक्करही येऊ दे,” म्हणाल्या.

गोष्ट अशी होती. एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ मोहाची फुलं वेचायला जंगलात जातात. फुलं वेचता वेचता वाट चुकते. अंधार पडतो. डुक्कर भेटतं, अस्वल भेटतं, झाडावरचं घुबड त्यांना विचारतं, “कोण रे तुम्ही?” पोरं घाबरतात, पण बहीण हुशार असते. तिला नाल्याचं पाणी वाजताना ऐकू येतं. ती म्हणते, आपलं घर नाल्याच्या काठी आहे, नाल्या-नाल्यानं गेलो की घर येईल. ती भावाचा हात धरून चालत राहते, चालत राहते, आणि शेवटच्या काचेत घर येतं. हळदीचा पिवळा उजेड दारातून बाहेर सांडलेला. बहीण-भावाला नावं नव्हती. पोरांनी आपापली नावं घालून घ्यावीत म्हणून नलूताईंनी ती मुद्दाम ठेवली नव्हती. गोष्ट त्या अर्धी वऱ्हाडीत, अर्धी कोलामीत सांगायच्या. कोलामी त्यांनी पोरांकडूनच उचलली होती आणि ती चुकली की पोरं अंधारातून दुरुस्त करायची. पळून जाणारी पोरं कमी झाली की नाही, मला माहीत नाही. पण आजूबाजूच्या शाळांतून बोलावणी यायला लागली. सुट्टीत त्या पेटी घेऊन गावोगाव जायच्या. एसटीचे कंडक्टर त्यांना ‘पेटीवाल्या बाई’ म्हणून ओळखायचे आणि पेटी मांडीवर घ्यायला पुढची जागा द्यायचे.

मग मैनाचं झालं.

मैना तिसरीत होती. तिचा भाऊ लच्छू त्या वर्षी नुकताच पहिलीत आला होता. दिवाळीची सुट्टी संपून पोरं परत आली आणि लच्छूनं रडायला सुरुवात केली. जेवायचा नाही, बहिणीचा फ्रॉक सोडायचा नाही. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मैनानं त्याचा हात धरला आणि ती निघाली. नलूताई त्या दिवशी आमच्याकडे आल्या होत्या. संध्याकाळी शाळेत दोघं दिसेनात, तेव्हा सगळ्यांना वाटलं की गेली असतील घरी, नेहमीसारखी. घरी आईला वाटत होतं की पोरं शाळेत आहेत. सोमवारी नलूताई शाळेत पोचल्या आणि त्यांनी पोडावर माणूस पाठवला, तेव्हा कळलं की पोरं कुठंच नाहीत. मग सगळे जंगलात शिरले. बाप, आई, पोडावरची माणसं, फॉरेस्टचे दोघं-तिघं, नलूताई. त्या बाजूला वाघ आहे, हे कुणी तोंडानं बोललं नाही. नलूताई मला नंतर म्हणाल्या, “तेवढा एकच शब्द कोणी उच्चारत नव्हतं. म्हणून तोच ऐकू येत होता.”

पोरं सापडली ती मंगळवारी, पैनगंगेच्या अंगाला, पोडापासून पार उलट दिशेला. एका मेंढपाळाला दिसली. लच्छूचा पाय मोडला होता. खडकावरून घसरला होता तो. मैनानं त्याला पाठीवर घेतलं होतं आणि तशीच ती चालत होती. त्यांना पांढरकवड्याच्या दवाखान्यात आणलं. नलूताई तिथेच थांबल्या होत्या, म्हणून मी डबा घेऊन गेले. लच्छूच्या पायाला प्लास्टर चढवत होते आणि तो बोंबलत होता. मैना बाकावर बसली होती, पायांची सालपटं निघालेली, दोन्ही हातांत बिस्किटं धरून, पण खात नव्हती. नलूताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी अगदी हळू विचारलं, “मैना, तुले तं घरची वाट माहीत होती ना? मंग तिकडं काहून गेली?”

मैना म्हणाली, “वाट चुकली बाई. मंग नाल्या-नाल्यानं गेलो. तुमच्या गोष्टीतल्यावानी.” आणि थोडं थांबून म्हणाली, “घर नाई आलं.”

ती तक्रार करत नव्हती. जे झालं ते सांगत होती. नलूताईंनी मान हलवली. मैनाचं पोड होतं वर, टेकडीवर. नाला तिथून खाली नदीकडे वाहत जातो. नाल्याच्या सोबत ती जितकं चालली तितकी घरापासून लांब गेली. तेवढ्यात तिची आई आत आली. तिचा आवाज पार बसला होता, बोललेलं नीट कळत नव्हतं. तिनं मैनाला मारलं नाही की जवळ घेतलं नाही. तिच्या पायांशी बसून त्या सालपटं निघालेल्या तळव्यांकडे बघत ती नुसतं म्हणत होती, “मी मांगून हाका मारत होती वं... तू पुढं पुढं चालून राह्यली होती... मी मांगून हाका मारत होती...”

कुणी नलूताईंना दोष दिला नाही. मैनाचा बाप जाताना त्यांना नमस्कार करून गेला. मुख्याध्यापक तेवढं म्हणाले की बाई, ते पेटीचं काही दिवस राहू द्या. लच्छूचा पाय बरा झाला, पण थोडा आखूड राहिला तो कायमचा. पुढच्या शनिवारी नलूताई घरी आल्या आणि जेवताना ह्यांनी विषय काढला. “ताई, पोरं पळालीच असती. तुझ्या गोष्टीच्या आधीही पळत होती,” हे म्हणाले. त्यावर नलूताई ताटातून वर न बघता म्हणाल्या, “पळाली असती. पण नाल्यानं गेली नसती.” जेवण झाल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत जाऊन काचांचा डबा उघडला. नाल्याच्या काचा आणि ती शेवटची पिवळ्या उजेडाची काच बाजूला काढली, वरच्या पट्ट्या सोडवल्या आणि ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकलं. मला वाटलं, संपलं. आता ही पेटी पुन्हा माळ्यावर जाणार. त्या हिवाळ्यात पेटी पलंगाखालीच होती आणि मीही तिचं नाव काढलं नाही.

पण पुसलेल्या काचा त्यांनी टाकून दिल्या नव्हत्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी मी सकाळी उठले तर खोलीत रॉकेलचा वास. नलूताई काजळी धरत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “शोभा, बाई पळताना तिचा पदर कसा दिसते? जरा पळून दाखव.” मी अंगणात पळून दाखवलं, पदर सुटला, शेजारच्या काकू बघत राहिल्या. असं आठ-दहा वेळा पळाले असेन. मग त्यांची नवी गोष्ट मी पाहिली. आता वाट चुकल्यावर ती बहीण थांबते. भावाला घेऊन मोहाच्या मोठ्या झाडाखाली बसते आणि ठरवते की आता इथून हलायचं नाही. पोरांचं काम तिथेच संपतं. पुढची सगळी गोष्ट आईची. आई शेतातून येते, पोरं दिसत नाहीत, ती निघते. डुक्कर तिला भेटतं, अस्वल तिला भेटतं, घुबड तिला विचारतं, कोण गं तू? आई प्रत्येक काचेत तोंडापाशी हात धरून हाका मारत असते आणि दर चार काचांनी एकदा ते मोहाचं झाड येतं, त्याच्याखाली बसलेली दोन पोरं.

ही गोष्ट त्यांनी शाळेत पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी सोबत गेले होते. खिडक्यांना घोंगड्या, बाहेर रणरणतं ऊन, आत मिट्ट काळोख आणि साठ-सत्तर पोरांचे श्वास. आईनं हाक मारल्याची काच आली आणि नलूताईंनी खरोखरच हाक मारली, पोडावरच्या बाया मारतात तशी, लांबवून. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “ओ!” आणि पुढच्या हाकेला सगळा वर्ग ओरडला, “ओ...!” मी अंधारात मैनाला शोधत होते, पण दिसली नाही. गोष्ट संपल्यावर एक लहानशी मुलगी नलूताईंपाशी आली. तिची आई मागच्या वर्षी वारली होती, हे मला नंतर समजलं. तिनं विचारलं, “बाई, जिले आई नाई, तिले कोण शोधते?” नलूताई तिला म्हणाल्या, “मी विचार करतो आणि सांगतो.” गाडीत परत येताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी झोपले असं समजून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होत्या. पुढच्या वेळी गोष्टीत एक काच वाढली होती. आईच्या मागे आणखी माणसं शोधायला निघालेली. काठी घेतलेला म्हातारा, फॉरेस्टचा गार्ड, एक बकरी, आणि सगळ्यांत पुढे चष्मा घातलेली, काठापदराचं लुगडं खोचून निघालेली एक बाई. ते लुगडं मी ओळखलं. दर शनिवारी आमच्या दोरीवर वाळत असायचं.

निवृत्त झाल्यावर नलूताई कायमच्या आमच्या बाहेरच्या खोलीत आल्या. शाळांमध्ये मोठे टीव्ही आले, पोरांच्या हातात मोबाइल आले. मला वाटायचं, आता ही पेटी कोण बघणार? पण बोलावणी थांबली नाहीत, कमी झाली इतकंच. एका शाळेतल्या तरुण गुरुजींनी सगळ्या काचांचे फोटो काढून मोबाइलवर गोष्ट करून दिली होती. नलूताईंनी ती पाहिली, “छान आहे,” म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात पेटी घेऊन निघाल्या. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा बसस्टँडजवळच्या करीमभाईंनी पेटीत लाइटचा बल्ब बसवून दिला, आणि तो फार तापतो म्हणून पुढे एलईडी. करीमभाईंचं मोटार वाइंडिंगचं दुकान. पेटी त्यांच्याकडे गेली की चार दिवस यायची नाही, कारण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते ती लावून दाखवायचे. “ताई, इसको म्युझियम में दे दो,” असं ते म्हणत, आणि दिली असती तर सगळ्यांत जास्त तेच रुसले असते. काचा फुटायच्या, नलूताई नव्या करायच्या. शेवटी हात कापायला लागला तेव्हा अस्वलाचे केस आपोआपच चांगले येतात, असं त्या म्हणायच्या.

नलूताईंच्या तेरवीला मैना आली. आता ती त्याच भागात अंगणवाडी चालवते. दोन मुलं मोठी झाली, एक नात आहे. तिचं येणं-जाणं आमच्याकडे नेहमीचंच; सीताफळं घेऊन यायची, नलूताईंपाशी बसायची. या वेळी तिच्यासोबत लच्छूही आला होता. त्याला मी दवाखान्यानंतर पहिल्यांदाच पाहत होते. चांगला उंच, मिशीवाला माणूस, एका पायावर किंचित झुकत चालणारा. झरीला त्याचं किराणा दुकान आहे. जेवणं झाली, पाहुणे पांगले. मैना नलूताईंच्या खोलीत जाऊन पेटीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, एकदा लावू का? पोरंही आहेत सगळी.” घरातली नातवंडं आणि गल्लीतली पोरं अशी बरीच होती. मी करीमभाईंना फोन केला. ते लगेच आले, वायर जोडली, भिंग रुमालानं पुसलं आणि डोळेही त्याच रुमालानं पुसले. भर दुपार होती. आम्ही खिडक्यांना चादरी आणि सतरंज्या लावल्या.

गोष्ट मैनानं सांगितली. नलूताईंच्याच शब्दांत सुरुवात केली, पण मोहाच्या झाडाखाली पोरं बसली तिथे ती थांबली. मला वाटलं, पुढचं विसरली. करीमभाईंनी काच तशीच ठेवली. तेव्हा अंधारातून लच्छू बोलला. पोरांना उद्देशूनच बोलला, अगदी सहज.

“तुम्हाले वाटत असन, या पोरायले लय भेव वाटलं. मी होतो ना त्यातला एक. मले नाई वाटलं.”

“काहून?” आमच्या नातवानं विचारलं.

“मैनी गोष्ट सांगत होती ना रे! हेच गोष्ट. पायाले कळ आली का मी रडाले लागो. मंग मैनी म्हणे, थांब, आता अस्वल येते. अस्वल झालं का म्हणे, थांब, आता घुबड बोलते. रातभर तेच. संपली का पुन्ना पहिल्यापासून. माह्या तं अर्ध्या रातीपासून ध्यानातच नाई का आपण हरवलो हाओत.”

मग मैनानं पुढची काच मागितली आणि आईच्या हाका सुरू झाल्या.

नंतर चहाच्या वेळी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे नलूताईंना माहीत होतं का? मैना मान खाली घालून म्हणाली, “नाई काकू. त्या दिवसाचं बोलणं काढलं का बाई उठून चहा टाकाले जात. मी लय खेपा काढलं. मंग म्हटलं, त्याइले नको असन, तं कायले काढा?” लच्छू म्हणाला, “मले तं वाटे त्याइले माहीतच असन. गोष्ट त्याइचीच होती.” नलूताईंनी मैनाचं ‘घर नाई आलं’ हे एक वाक्य ऐकलं आणि ते सगळं आयुष्य सोबत बाळगलं. दुसरं वाक्य तितकंच खरं होतं, पण ते ऐकायला त्या कधी बसल्या नाहीत. पहिलं वाक्य ऐकलं म्हणून गोष्ट सुधारली, हेही आहेच. दोन्हींची बेरीज काय होते, ते मला अजून जमलेलं नाही. हे म्हणतात, बेरीज कायले करतेस? बरोबर असेल त्यांचं.

पेटी मैना घेऊन गेली. ती तिच्याकडेच जायला हवी होती. पण त्या दुपारची एक गोष्ट सांगायची राहिली. शेवटची काच संपली, करीमभाईंनी दिवा बंद केला, तसं मी सवयीनं उठले आणि खिडकीवरची सतरंजी ओढून काढायला गेले. मैनानं अंधारात माझा हात धरला. “थांबा काकू. बाई असं नव्हत्या करत. एकदम उजेड नाई कराचा म्हणत. गोष्ट आपल्यासाठी सरली, पण पोरं अजून जंगलातच असतात. त्याइले येऊ द्या.” तिनं सतरंजीचा एक कोपरा बोटभर उचलला. उन्हाची एक रेघ जमिनीवर आली. थोड्या वेळानं आणखी बोटभर. पोरं डोळे चोळत, एकमेकांकडे बघत, हळूहळू आमच्या खोलीत परत आली. पन्नासेक वर्षं मी त्या बाईसोबत एका घरात काढली. गोष्ट संपल्यावर ती बाई खिडकी अशी उघडायची, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आता ती खोली नातवंडांची झाली आहे. सकाळी शाळेसाठी त्यांना उठवायला मीच जाते. खिडकीची एक झडप थोडी उघडते आणि पलंगाच्या कडेला बसून राहते. मग दुसरी.